मॉन्टगोमेरी मेग्ज : सूडाच्या गोष्टीपलीकडचा क्वार्टरमास्टर

अमेरिकन यादवी युद्धाविषयी एक गोष्ट समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. उत्तरेच्या सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल मॉन्टगोमेरी मेग्ज याचा तरुण मुलगा युद्धात मारला गेला. दुःखाने पेटलेल्या बापाने दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या आर्लिंग्टनच्या घराभोवती, त्याच्या पत्नीच्या गुलाबबागेच्या कडेने, सैनिकांची थडगी खोदवून सूड उगवला. आजची सुप्रसिद्ध आर्लिंग्टन दफनभूमी अशी जन्माला आली.

गोष्ट नाट्यमय आहे, पण तिचा कालक्रम चुकलेला आहे. आर्लिंग्टनची जागा दफनभूमीसाठी घ्यावी अशी लेखी शिफारस मेग्जने १५ जून १८६४ रोजी केली आणि युद्धमंत्री स्टँटनने ती त्याच दिवशी मंजूर केली. पहिले दफन तर त्याच्याही आधी, १३ मे रोजी झाले होते. मेग्जचा मुलगा जॉन मारला गेला ३ ऑक्टोबर १८६४ रोजी. जो मुलगा जूनमध्ये हयात होता, त्याचा सूड जूनमध्ये घेता येत नाही.

तारखेची चूक दुरुस्त करणे सोपे आहे. या गोष्टीने खरे नुकसान केले आहे ते वेगळेच. तिने एका माणसाची चार वर्षांची प्रचंड कामगिरी एका रागाच्या क्षणात कोंबून टाकली. मेग्ज लक्षात ठेवायचा असेल तर थडग्यांच्या आधी बुटांपासून सुरुवात करावी लागेल.

क्वार्टरमास्टर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. मराठीत 'रसद' म्हटले की दाणापाणी, दारूगोळा, कपडालत्ता असे सगळे एकत्र डोळ्यांपुढे येते. अमेरिकन सैन्यात ही कामे विभागलेली होती. शिधा पुरवणारे खाते वेगळे, शस्त्रे पुरवणारे वेगळे. उरलेले जवळजवळ सर्व काही क्वार्टरमास्टरच्या गळ्यात होते. गणवेश, बूट, घोंगड्या, तंबू, घोडे, खेचरे, त्यांची वैरण आणि चंदी, गाड्या, नाल, बराकी, रुग्णालयांच्या इमारती, नद्यांवरील आगबोटी, आगगाडीने होणारी वाहतूक, आणि शेवटी मेलेल्यांचे दफनही. दुसऱ्या खात्यांचा शिधा आणि दारूगोळा सैन्यापर्यंत वाहून नेणे हेही याच खात्याचे काम. युद्धकाळात या खात्याने एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली.

हे काम ज्याच्याकडे आले तो मुळात अभियंता. जन्म १८१६ सालचा, तोही दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा गावचा. वाढला मात्र फिलाडेल्फियात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८३६ साली बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी सेंट लुईसजवळ मिसिसिपी नदीच्या पाहणीच्या कामावर गेला. तिथे त्याचा वरिष्ठ होता रॉबर्ट ई. ली. दोघांनी एकत्र राहून नदी मोजली. पंचवीस वर्षांनी त्यातला एक दुसऱ्याला देशद्रोही म्हणणार होता.

१८५० च्या दशकात वॉशिंग्टन शहराला पाणी पुरवणाऱ्या जलवाहिनीचे आणि संसद भवनाच्या विस्ताराचे काम मेग्जकडे होते. त्या जलवाहिनीसाठी त्याने बांधलेली २२० फुटांची दगडी कमान पुढे कित्येक वर्षे जगातली सर्वांत लांब एकसलग दगडी कमान म्हणून ओळखली गेली. आपल्या मर्जीतल्या ठेकेदारांना काम मिळावे म्हणून तत्कालीन युद्धमंत्री जॉन फ्लॉइड दबाव आणत होता. मेग्ज बधला नाही. परिणामी १८६० साली त्याची बदली झाली फ्लोरिडाच्या टोकाशी, भर समुद्रातल्या ड्राय टॉर्टुगाज बेटांवर. सरकारी भाषेत बदली. प्रत्यक्षात काळे पाणी. युद्ध सुरू होताच हाच फ्लॉइड दक्षिणेच्या सैन्यात जनरल झाला.

मेग्ज १८६१ च्या आरंभी परतला. क्वार्टरमास्टर जनरलच्या खुर्चीवर तेव्हा जोसेफ जॉन्स्टन होता. २२ एप्रिलला तो राजीनामा देऊन दक्षिणेला मिळाला, आणि मे महिन्याच्या मध्यावर ती रिकामी खुर्ची मेग्जकडे आली. खुद्द मेग्जचा भाऊ हेन्री दक्षिणेच्या बाजूला राहिला. यादवी हा शब्द मराठीत ज्या अर्थाने येतो, आपल्याच कुळातला संहार, तो या घराने अक्षरशः अनुभवला.

युद्धापूर्वीचे अमेरिकन खडे सैन्य होते अवघे सोळा हजारांच्या घरातले. काही महिन्यांत लाखो स्वयंसेवक उभे राहिले. त्यांना घालायला कपडे नव्हते. केंद्र सरकार, प्रत्येक राज्याचा गव्हर्नर आणि कधी कधी एकेक पलटणसुद्धा त्याच बाजारात, त्याच कापडासाठी, एकमेकांवर चढी बोली लावत होते. अशा वेळी कोणाचे फावते, हे सांगायला नको. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, दाबून केलेले 'शॉडी' नावाचे कापड चांगल्या लोकरीच्या भावाने खपवले गेले. पहिल्या पावसात त्या गणवेशांचा लगदा झाला. इंग्रजीत 'शॉडी' हा शब्द निकृष्ट या अर्थाने जो रुळला, त्याला या युद्धातल्या ठेकेदारांनी बराच हातभार लावला आहे.

सेंट लुईसचा क्वार्टरमास्टर जस्टस मॅकिन्स्ट्री याने मर्जीतल्या मध्यस्थांमार्फत चढ्या भावाने जनावरे आणि सामान घेतले. त्याची लष्करी न्यायालयापुढे चौकशी झाली आणि जानेवारी १८६३ मध्ये तो बडतर्फ झाला. हा मॅकिन्स्ट्री आणि मेग्ज एकाच विद्यालयातले, एकाच खात्यातले, एकाच कायद्याखाली काम करणारे. संधी दोघांनाही होती, आणि मेग्जला तर कैक पटींनी अधिक. इतका पैसा ज्याच्या सहीने बाहेर गेला, त्या माणसाने स्वतःसाठी त्यातला पैसा घेतल्याचे कोणी सिद्ध करू शकले नाही. 'प्रामाणिक अधिकारी' हे विशेषण मृत्युलेखांत इतके स्वस्त झाले आहे की त्याचे वजन जाणवत नाही. इथे ते जाणवले पाहिजे.

मेग्जने जाहीर निविदा, मालाची तपासणी आणि प्रत्येक वस्तूचा हिशेब यांवर भर दिला. पण नियमाचा गुलाम तो नव्हता. १८६१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर देशी गिरण्या पुरे पडेनात तेव्हा त्याने युरोपातून कापड मागवले. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी देशी उद्योगाच्या नावाने तक्रार केली. थंडीत पातळ उन्हाळी सदऱ्यांवर पहारा देणारे सैनिक गिरण्यांच्या सोयीसाठी थांबू शकत नाहीत, असा त्याचा पवित्रा होता. (सगळेच निर्णय काही बरोबर ठरले नाहीत. फ्रान्सहून दहा हजार सैनिकांचा तयार सरंजाम मागवला, तर ते कपडे अमेरिकन शिपायांच्या अंगाला लहान होऊ लागले.)

इथे एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. दक्षिणेचा कापूस बाजारातून नाहीसा झाला, त्यामुळे मुंबईत जी कापसाची तेजी आली आणि १८६५ साली जी कोसळली, ती मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. त्याच टंचाईची दुसरी बाजू मेग्जच्या कचेरीत दिसते. तंबूंचे जाड सुती कापड दुर्मीळ आणि महाग झाले. मोठे तंबू मागे पडत गेले आणि दोन शिपायांनी अर्धा अर्धा वाहून नेऊन रात्री गुंड्यांनी जोडायचा छोटा 'शेल्टर टेंट' आला. शिपायांनी त्याला कुत्र्याच्या खोपटाची उपमा दिली.

आता जनावरांकडे वळू, कारण एकोणिसाव्या शतकातील सैन्याचा हिशेब माणसांवरून कमी आणि जनावरांवरून जास्त मांडावा लागतो. सैन्यातील घोड्याचा रोजचा रतीब ठरलेला होता. १४ पौंड गवत आणि १२ पौंड चंदी, म्हणजे जवळजवळ १२ किलो. १८६२ च्या वसंतात जनरल मॅकक्लेलनचे सैन्य समुद्रमार्गे व्हर्जिनियाच्या द्वीपकल्पावर उतरवले गेले, तेव्हा सुमारे तीन आठवड्यांत १,२१,५०० माणसे, १४,५९२ जनावरे आणि १,१५० गाड्या जवळपास ४०० जहाजांतून हलवण्यात आल्या. एवढ्या जनावरांना पूर्ण रतीब द्यायचा तर रोज दीडशे टनांहून अधिक वैरण-दाणा हवा. सहा खेचरांची एक गाडी साधारण एक टन ओढते. म्हणजे दीडशे गाड्या निव्वळ चाऱ्याच्या. आणि त्या गाड्या ओढणारी नऊशे खेचरेही खाणारच. तळापासून सैन्य जितके दूर, तितका गाडीतला माल गाडी ओढणाऱ्यांच्याच पोटात जातो. सेनापती नदीच्या किंवा लोहमार्गाच्या काठाने का सरकत होते, याचे उत्तर बहुतेक वेळा शौर्यात किंवा भीरुत्वात नसून या गुणाकारात आहे.

याच मॅकक्लेलनमुळे मेग्जच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न उघडा पडतो. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमची लढाई झाली. ली माघारी गेला. मॅकक्लेलन मात्र जवळजवळ सहा आठवडे पोटोमॅक नदी ओलांडेना. घोडे थकले आहेत, नवे मिळत नाहीत, बूट नाहीत, कपडे नाहीत, असा त्याचा धोशा. तुमच्या घोड्यांनी या लढाईनंतर थकण्याजोगे केले तरी काय, असे लिंकनने त्याला तारेने विचारले, ते प्रसिद्धच आहे. कमी प्रसिद्ध आहेत ते मेग्जच्या कचेरीतले आकडे. त्याच्या वह्यांप्रमाणे मॅकक्लेलनच्या सैन्याकडे दर आठवड्याला सरासरी सुमारे दीड हजार जनावरे रवाना झाली होती. मागितलेले बूट आणि कपडेही धाडले गेले होते.

बहुतेक लोकप्रिय लेखन इथे थांबते आणि मॅकक्लेलनला खोटारडा ठरवून मोकळे होते. तो चालढकल करीत होता हे खरे. पण त्याच्या छावणीत त्या ऑक्टोबरात अनवाणी शिपाई होते, हेही खरे. मेग्जच्या वहीत 'रवाना' झालेले बूट वॉशिंग्टन, हॅगर्सटाउन किंवा हार्पर्स फेरीजवळ आगगाडीच्या डब्यांत अडकून पडले होते. दोघेही खरे बोलत होते. एक वहीतल्या बुटांविषयी बोलत होता, दुसरा पायातल्या.

मेग्जचे मोठेपण मोजायचे असेल तर ते इथे मोजावे. आपली वही बरोबर आहे एवढ्यावर त्याने समाधान मानले नाही. मोठमोठी कोठारे उभी राहिली, लष्करी लोहमार्गांची स्वतंत्र यंत्रणा हर्मन हाउप्ट आणि डॅनियल मॅकॅलम यांच्या हाताखाली विस्तारली, आणि जुलै १८६४ च्या कायद्याने सबंध खात्याची नऊ विभागांत फेररचना झाली. युद्ध संपताना लष्करी लोहमार्गांकडे चारशेहून अधिक इंजिने होती. १८६४ च्या अटलांटा मोहिमेत एक लाख माणसे आणि ३५ हजार जनावरे एकेरी रुळांच्या शेकडो मैल लांब मार्गावर जगली. हेच काम गाड्यांनी करायचे झाले असते तर प्रत्येकी सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, असा हिशेब नंतर खुद्द जनरल शर्मनने मांडला, आणि त्या भागातले रस्ते पाहता ते अशक्यच होते हेही कबूल केले.

अंतर कापायचे म्हणजे काय, हे चॅटनूगात दिसले. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाच्या पराभवानंतर उत्तरेचे सैन्य टेनेसी नदीकाठच्या या गावात कोंडले गेले. एकच वाट उरली, वॉल्डन्स रिज डोंगरावरून साठेक मैलांची, पावसाने चिखल झालेली. त्या वाटेवर हजारो खेचरे मेली. शिपायांचा शिधा अर्ध्यावर, मग त्याहून खाली आला. स्टँटनने मेग्जलाच तिकडे धाडले. साठ मैलांवर काय चालले आहे ते वहीत पाहण्याऐवजी तो कोंडलेल्या गावात जाऊन बसला.

वेढा फोडण्याची योजना त्याची नव्हती, ती जनरल विल्यम स्मिथची. आणि ती तडीस नेणारे हात होते कनिष्ठ क्वार्टरमास्टरांचे. ब्रिजपोर्ट येथे एका सपाट तराफ्यावर बॉयलर, इंजिन आणि चाक बसवून त्यांनी एक वेडीविद्री आगबोट बनवली. ऑक्टोबरच्या अखेरीस ब्राउन्स फेरीचा उतारा ताब्यात आला, आणि ३० ऑक्टोबरला ती बोट दोन पडाव ओढत ४० हजार शिधे घेऊन केलीज फेरीला लागली. कडक बिस्किटांवरून शिपायांनी या मार्गाला 'क्रॅकर लाइन' म्हटले. २५ नोव्हेंबरला मिशनरी रिजचा डोंगर त्याच शिपायांनी चढून जिंकला. चित्रे त्या चढाईची काढली जातात. तराफ्याचे चित्र क्वचितच कोणी काढले.

उत्तरेकडे कारखाने होते, पैसा होता, म्हणून ती जिंकली. यात मेग्जचे काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अर्धाच ग्राह्य आहे. १८६१ चा तो लगदा झालेला गणवेशही श्रीमंत उत्तरेनेच शिवला होता. संपत्ती आपोआप पायात बूट घालत नाही. उलट दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनासारखी राज्ये आपापले कापड आपल्याच पलटणींसाठी राखून ठेवत होती, आणि शिधाखात्याचा प्रमुख ल्युसियस नॉर्थ्रप हा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसच्या मैत्रीच्या आधारावर फेब्रुवारी १८६५ पर्यंत पदावर टिकून होता. नॉर्थ्रपची बाजू अशी की रूळ झिजले होते, चलन कोसळले होते आणि त्याच्या जागी मेग्ज असता तरी चमत्कार झाला नसता. पण दोन्ही बाजूंच्या टंचाईत फरक होता. उत्तरेत कोण चुकले हे वहीवरून सापडत होते.

तरीही या वहीत जे नोंदले गेले आणि जे झाकले गेले, तेही पाहायला हवे. मेग्जच्या गाड्या हाकणारे, बंदरांवर ओझी उतरवणारे, लाकूड तोडणारे आणि कबरी खोदणारे हजारो लोक गुलामीतून पळून आलेले कृष्णवर्णीय होते. १८६२ च्या अखेरीपासून वॉशिंग्टन आणि अलेक्झांड्रिया येथील क्वार्टरमास्टर खात्यातल्या अशा मजुरांच्या पगारातून दरमहा ५ डॉलर कापले जाऊ लागले. निराधार निर्वासितांच्या मदतीसाठी, असे कारण दिले गेले. शेजारी तेच काम करणाऱ्या गोऱ्या मजुरांना ही कपात नव्हती. हिशेब चोख होता. अन्याय त्या चोख हिशेबाच्या आतच होता.

गणवेश शिवणाऱ्या बायकांचेही तेच. फिलाडेल्फियात सरकारी कोठाराकडून थेट काम मिळाले तर एक दर, आणि तेच काम ठेकेदारामार्फत मिळाले तर त्याहून बराच कमी. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांचे शिष्टमंडळ थेट लिंकनला जाऊन भेटले. स्वस्तात काम करणाऱ्याला ठेका देणे हा भ्रष्टाचार रोखण्याचा मेग्जचा राजमार्ग होता. तो स्वस्तपणा कोणाच्या सुईतून येतो, हा प्रश्न निविदेच्या कागदावर नव्हता.

आता आर्लिंग्टनकडे परत यायला हरकत नाही. १८६४ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातून दररोज प्रेते येत होती आणि वॉशिंग्टनच्या जुन्या दफनभूमी भरल्या होत्या. मृतांना जागा देणे ही क्वार्टरमास्टरची जबाबदारी होती. लीची मालमत्ता कर थकल्याच्या कारणाने जानेवारी १८६४ मध्ये सरकारने २६,८०० डॉलरला विकत घेतली होती. जागा उंच, मोकळी आणि जवळ होती. व्यवहार म्हणून हा निर्णय पूर्ण समजण्याजोगा आहे.

पण यावरून राग नव्हताच, असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा. घराजवळची जागा टाळून दूर कोपऱ्यात दफने होऊ लागली तेव्हा मेग्ज चिडला, आणि बागेच्या कडेने अधिकाऱ्यांना पुरण्यात आले. १८६६ साली त्याच बागेत २,१११ अनोळखी सैनिकांच्या अस्थींचे सामायिक थडगे बांधले गेले. ली कुटुंबाने तिथे पुन्हा राहू नये, ही त्याची इच्छा लपलेली नाही. १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी लीच्या मुलाच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी सरकारला १,५०,००० डॉलर मोजून ती जागा रीतसर घ्यावी लागली. प्रत्येक ठेकेदाराकडून पावती मागणाऱ्या माणसाने घेतलेल्या जमिनीचीच पावती सदोष निघाली.

मुलाच्या बाबतीत तर त्याची हिशेबी शिस्त पार ढासळली. लेफ्टनंट जॉन मेग्ज डेटन गावाजवळ दक्षिणेच्या घोडेस्वारांशी झालेल्या चकमकीत पडला. समोरच्यांच्या सांगण्यानुसार ती उघड झटापट होती. बापाने मात्र आमरण ती हत्याच मानली. जनरल शेरिडननेही तेच मानून डेटनच्या परिसरातली घरे जाळण्याचा हुकूम दिला. गाव जाळण्याचा भाग पुढे मागे घेतला गेला, पण आसपासची काही घरे तोवर जळाली होती. एरवी प्रत्येक आकड्याला पुरावा मागणारा मेग्ज इथे दुसऱ्या बाजूचा पुरावा ऐकायला तयार झाला नाही. आर्लिंग्टनमध्ये त्याच्या थडग्याजवळ मुलाची छोटी कांस्यमूर्ती आहे. जमिनीवर पडलेला देह, आणि शेजारी पिस्तूल.

१८७० पर्यंत क्वार्टरमास्टर खात्याने उत्तरेच्या सुमारे तीन लाख मृत सैनिकांचे अवशेष रणांगणांवरून, रस्त्याकडेच्या खड्ड्यांतून गोळा करून सत्तरहून अधिक राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरले. निम्म्याहून अधिकांची नावे लावता आली. दक्षिणेच्या मृतांना या वहीत जागा नव्हती.

निवृत्त झाल्यावर मेग्जने वॉशिंग्टनमध्ये निवृत्तिवेतन कार्यालयाची भव्य विटांची इमारत बांधली. तिच्याभोवती १,२०० फूट लांबीची मातीची भाजलेली शिल्पपट्टिका आहे. पायदळ, घोडदळ, तोफखाना, आरमार, जखमी, सगळे त्यात चालत आहेत. सेनापती मात्र एकही नाही. क्वार्टरमास्टर खात्याच्या भागात खेचरांची गाडी आहे. ती हाकणारा माणूस युद्धाने मुक्त झालेला कृष्णवर्णीय गुलामच असला पाहिजे, अशी स्पष्ट सूचना मेग्जने शिल्पकार कॅस्पर ब्यूबर्ल याला दिली होती. तो गाडीवान आजही तिथे आहे, हातात लगाम धरलेला.